जाकिटाच्या बगलेतलं ठिगळ

रतनबाई चिटणीस आल्या तेव्हा अंबाजी गरुड कुणाच्या तरी हरवलेल्या छत्रीची मूठ हुंगत बसले होते. रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत वीस वर्षं काढलेला माणूस. वस्तूवरून माणूस ओळखायची खोड तिथेच लागली आणि नोकरी सुटल्यावर तोच त्यांचा धंदा झाला. लोणावळ्यात त्यांना कुणी गुप्तहेर म्हणत नसे. "गरुडांना विचारा" एवढंच म्हणत.

"माझ्या मनोहरचं जाकीट गेलं," रतनबाई म्हणाल्या. त्या बसल्याही नाहीत.

अंबाजींनी छत्री बाजूला ठेवली. डॉक्टर चिटणिसांच्या या विधवा पत्नी कुसगावच्या रस्त्यावरच्या बंगल्यात एकट्या राहत. त्यांचा एकुलता एक मुलगा वैमानिक होता आणि तो परत आलेला नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"सुरुवातीपासून सांगा, बाई."

"गेल्या डिसेंबरात त्याचं विमान ब्रह्मदेशात पडलं. जपान्यांनी धरून रंगूनच्या तुरुंगात टाकलं. मार्चमध्ये तापानं तिथेच गेला." त्यांनी आवाज घट्ट धरून ठेवला होता. "तुरुंग मे महिन्यात सुटला. त्याच्याबरोबरचे एक अधिकारी, आता पुण्याच्या छावणीत आहेत, ते जूनमध्ये येऊन ते जाकीट देऊन गेले. मातीसुद्धा मिळाली नाही मला. तेवढं जाकीट मिळालं."

ट्रंकेत ठेवलेल्या जाकिटाला लोणावळ्याच्या पावसाने महिन्याभरात बुरशी चढवली. म्हणून बुधवारी त्यांनी ते बाजारातल्या राजमहंमदकडे दिलं. खोगिरं, लगाम, पट्टे, चामड्याचं कुठलंही काम घाटाखालूनसुद्धा त्याच्याकडे येई. काल, शुक्रवारी, सकाळी त्या दुकानात डोकावल्या तेव्हा जाकीट समोर टांगलेलं होतं. दुपारी निरोप आला की ते नाहीसं झालं.

"सकाळी कोण कोण होतं?"

"तो, त्याचा मुलगा आणि आतल्या पडद्याआड त्याची बायको. तिनं विचारलं, साहेब कुठं होते? मी म्हटलं, रंगूनला, तुरुंगात. बिचारी रडायलाच लागली." रतनबाईंचा चेहरा कठोर झाला. "आणि त्याच दुपारी जाकीट गेलं. आजकाल असल्या लष्करी मालाला गिऱ्हाईक आहे म्हणे. सोमवारी मी पोलिसांत जाणार आहे, गरुड. म्हातारा चाळीस वर्षं दुकान चालवत असला तरी जाणार आहे."

"सोमवारपर्यंत दोन दिवस आहेत," अंबाजी म्हणाले आणि पगडी उचलली.

मारुती ढोरेचा टांगा दाराशीच असे. मारुती अंबाजींचा सोबती, सारथी आणि श्रोता. अंगाने पहाड, मनाने लोण्यासारखा आणि डोक्याने जरा सावकाश. त्याला तपासापेक्षा तपासाच्या वाटेवर काय खायला मिळेल याची काळजी जास्त.

"मारुती, राजमहंमदचं घर तुझ्या माहितीचं ना?"

"ह्यो सारा साज तितलाच न्हवं का. लगाम तर ताजुद्दीनच्या हातचा. चाचांचा थोरला." मारुतीने लगाम पुढे केला. "सा वर्सं झाली भाऊ, एक टाका हालला न्हाई. डावरा व्हता पोरगा, म्हून टाकं असं डावीकडं कललेलं. शेवटाला तीन भोकं मागं येऊन गाठ आत दडवायचा. बापाची शिकवण."

अंबाजींनी त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. "होता म्हणजे?"

"हवाई दलात कापडा-चामड्याच्या दुरुस्तीला गेलता. बेचाळीसच्या मार्चात तार आली. ब्रह्मदेशात बेपत्ता, भौतेक मेलाच म्हून. ल्हान वयात त्याची बायकू रशिदा इधवा झाली. आता ईद झाली की धाकट्या अल्लाउद्दीनशी तिचा निकाह हाय. दोनदा पुढं ढकलला त्यो चाचांच्या म्हातारीपायी. एकदा तिला सपान पडलं, एकदा कान्हे ठेसनाच्या फलाटावर ताजू दिसला. चाचांनी शपथ घातलीया आता, ईद हुईस्तोवर ताजूचं नाव काढायचं न्हाई म्हून. सून कुटवर ताटकळत ठिवायची?"

"आणि हा साज पावसात कसा टिकतो रे? बुरशी नाही धरत?"

"चुलीवर टांगतो की. धुरात बुरशीची काय बिशाद? फकस्त आमची कस्तुरा बोंबलती, भाकरीला घोड्याचा वास येतोय म्हून."

बाजारपेठेत वळताना एकचा सुमार झाला होता. पाऊस थांबला होता, पण रस्त्यावर लाल चिखलाचा राडा होता. मारुतीने मान वर करून राजमहंमदच्या कौलांकडे पाहिलं. दुकान पुढे, घर मागे. मागच्या कौलांतून धुराची बारीक रेघ वर चढत होती.

"चूल पेटलीया," तो समाधानाने म्हणाला. "कायतरी भजीबिजी मिळंल, भाऊ."

 अंबाजी त्या धुराकडे बराच वेळ पाहत राहिले.

राजमहंमद पाटावर बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू, दाढी पांढरी, आणि रोज्याने ओठ सुकलेले. अंबाजींचा आवाज ऐकून तो उठू लागला, त्यांनी त्याला खांद्याला धरून बसवलं.

"चाळीस वर्सांत कुनाची चामड्याची वादी हरवली न्हाई माज्या दुकानातनं," तो म्हणाला. "आन हरवावं तर एका आईच्या पोराचं जाकीट. कुटं तोंड दाखवू?"

"जाकीट कसं होतं, ते सांगा."

म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. हात हवेत उठले आणि नसलेलं जाकीट चाचपू लागले. "डोळं गेलं, बोटं ऱ्हायली. अस्सल मेंढीचं कातडं. बाहिर चामडं, आत तिचीच लोकर, येगळं अस्तर न्हाई. हितं बाजारात गेणू इकतो ती नक्कल, वर बकऱ्याचं आन आत कांबळं डकवलेलं. दोन बोटांत धरलं की दोन थर सरकत्यात. ह्ये सरकत नव्हतं. कॉलरीत कापडाची चिठ्ठी व्हती, अल्लाउद्दीननं वाचली, त्रेचाळीस सालचं बनलेलं. म्या सांगितलं, घडी घालू नका, घडीवर चामडं तडकतं. रुंद खांद्याच्या लाकडी टांगणीवर टांगा, वारं लागू द्या. मग बुरशी पुसून हळूहळू तेल."

"बुरशी कुणी पुसली?"

"पुसायचं काम बायकांचं. दोऱ्याला मेण लावायचं, पुसायचं त्या करत्यात, शिवायचं आमी. गुरवारी रातच्याला आमच्या घरात पुसलं. म्या निस्ती पाठ आन कॉलर चाचपली. बगलंत लय बुरशी व्हती."

अल्लाउद्दीन तेवढ्यात बाहेरून आला. पंचविशीचा, घाईचा, काहीसा त्रासलेला.

"जुम्म्याला साडेबाराला कुलूप लावलं," तो म्हणाला. "किल्ली माज्या कमरंला. दोनला उघडलं तर खुंटी मोकळी. कुलूप शाबूत. बाहिर येवडा चिखल आन आत एक ठिपका न्हाई."

"आणखी काय गेलं?"

"काय बी न्हाई. ह्ये नवं खोगीर बगा, पितळी कड्यांचं, तसंच हाय. निस्तं जाकीट ग्येलं. आन त्याची टांगणी."

"टांगणीसकट?"

"व्हय."

"तुझं त्यातलं काम कुठवर आलं होतं?"

"आज बगल उसवनार व्हतो. कुनीतरी तितं ठिगळ मारलंय. बुटाच्या जिभेचं कातडं, सुतळीचा उसवलेला दोरा, आन भोकं आरीची न्हाईत, खिळ्यानं पाडलेली. असलं काम आमच्या दुकानातनं भायेर जाऊन कसं चालंल? उसवून नवं चामडं घालनार व्हतो. अम्मा म्हनली ऱ्हाऊ दे. तिला काय कळतंय?"

आतल्या पडद्याआड बांगड्या किणकिणल्या. अंबाजी त्या दिशेने वळले.

"मावशी, काल दुपारी माणसं नमाजाला गेली तेव्हा घरात कोण होतं?"

"मी आन रशिदा," राजमहंमदच्या बायकोचा, उम्मेहानीचा, आवाज आला. "रशिदा मागं इहिरीवर धुणं धूत व्हती. कुनी आलं न्हाई बाबा." मग ती म्हणाली, "बाईंस्नी सांगा, जिवाला लावून घिऊ नका. जाकीट मिळंल. खराब न्हाई व्हायचं त्ये."

"आईचा आशीर्वाद हाय," मारुती बाहेर आल्यावर हळवा होऊन म्हणाला. मग अधिक खिन्नपणे, "भजी काय मिळाली न्हाईत."

"रोजे चाललेत, मारुती. सगळं घर उपाशी आहे. घरात लेकरू नाही, आजारी नाही."

"मग चूल कशापायी..." मारुतीने एवढंच म्हटलं आणि घोड्याला हाक दिली. प्रश्न अर्धा सोडून देण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

गेणूचं दुकान म्हणजे स्टेशनाजवळचं पत्र्याचं छप्पर. लढाई संपून दहा दिवस झाले होते आणि गेणूच्या पोत्यांत अख्खी पलटण मावेल इतके डगले, बूट आणि पट्टे जमले होते.

"दोनदा मागितलं जाकीट," त्याने सरळ कबूल केलं. "बाईंनी न्हाई म्हटलं, चाचांनी हाकललं. आन व्हय, काल दुपारी दुकानापाशी व्हतो मी. पाऊस आला म्हून पायरीवर बसलो. चाचा नमाजला गेल्यापास्नं परत येईस्तोवर."

"त्या वेळात कुणी आत गेलं?"

"जायाचं तर माज्या डोक्यावरनं जावं लागलं आसतं."

अंबाजींनी एका पोत्यातून एक जाकीट ओढलं. चारदा घडी घातलेलं होतं. घड्यांवर चामड्याला पांढऱ्या भेगा पडल्या होत्या. त्यांनी बाही दोन बोटांत धरली. वरचा थर खालच्यावरून सरकला.

"असंच कोंबून ठेवतोस?"

"मग काय पाटावर बसवून ओवाळू?" गेणू म्हणाला.

अंबाजी हसले आणि त्यांनी ते जाकीट तसंच पोत्यात कोंबलं. "मारुती, रतनबाईंना घेऊन ये. गेणू, तूही चल. चार वाजता राजमहंमदकडे."

चार वाजता दुकानात सगळे जमले. रतनबाईंना एकुलती खुर्ची मिळाली. राजमहंमद पाटावर, अल्लाउद्दीन भिंतीला टेकून, गेणू उंबऱ्यावर, पडद्याआड दोघी बायका. मारुती लगाम हातात घेऊन उभा होता. तो आणायला त्याला का सांगितलं होतं, ते त्याला कळलं नव्हतं आणि त्याने विचारलंही नव्हतं.

"बाई," अंबाजींनी सुरुवात केली, "जाकीट या दुकानाच्या पुढच्या दारानं गेलं नाही. पायरीवर गेणू बसला होता."

"गेणूच्या शब्दावर विश्वास?"

"चिखलाच्या शब्दावर. बाहेर राडा आणि आत एक ठिपका नाही. म्हणजे जाकीट घराच्या बाजूनं गेलं. आता नेणारा कसा होता ते बघा. पितळी कड्यांचं खोगीर सोडलं, म्हणजे विकायला नेलं नाही. आणि टांगणीसकट नेलं. गेणूसारखा माणूस घडी घालून पोत्यात कोंबेल. टांगणी तोच नेतो ज्याला ठाऊक आहे की घडी घातली तर चामडं तडकतं, आणि ज्याला ते तडकू द्यायचं नाही. चोरी करताना चोराला मालाची मालकापेक्षा जास्त काळजी होती."

अल्लाउद्दीन चमकला. "म्हंजी आमच्यातलंच कुनी?"

"पुढचं मारुतीनं शोधलं," अंबाजी म्हणाले. मारुतीने मागे वळून आणखी कुणी मारुती आहे का ते पाहिलं. "तो म्हणाला, पावसात चामडं चुलीवर टांगलं की धुरामुळे बुरशी धरत नाही. आणि आज एक वाजता यानंच मला या घराच्या कौलांतून निघणारा धूर दाखवला. रमजानात, भर दुपारी, जिथे सगळ्यांचा रोजा आहे आणि इफ्तारीला सहा तास आहेत. स्वयंपाकासाठी ती चूल पेटली नव्हती. मावशी, जाकीट चुलीवरच्या माळ्यावर आहे. तुम्हीच म्हणालात, खराब नाही व्हायचं ते."

 मग पडदा सरला. उम्मेहानी बाहेर आली, बुटकी, वाळलेली, पदर कपाळापर्यंत. तिच्या हातात रुंद टांगणी होती आणि टांगणीवर मनोहरचं जाकीट.

"अम्मा," अल्लाउद्दीन म्हणाला.

राजमहंमदने कपाळ धरलं. "का ग? माज्या तोंडाला काळं का फासलंस?"

"त्यांच्याऐवजी आधी मला उत्तर देऊ द्या," अंबाजी म्हणाले. "नाहीतर त्यांचं म्हणणं पुन्हा स्वप्न म्हणून मोडीत काढाल. बाई, ते जाकीट मांडीवर घ्या. ठिगळाची बगल उघडा. मारुती, लगाम."

बगलेत तळहाताएवढं ठिगळ होतं. अंबाजींनी लगाम त्याच्या शेजारी धरला.

"साधन काय होतं? खिळा, सुतळीचा दोरा, बुटाची जीभ. ज्याच्याकडे आरी नाही, मेण नाही, चामडं नाही, असा माणूस. तुरुंगातला. पण हात बघा. प्रत्येक टाका सारख्या अंतरावर, आणि प्रत्येक टाका डावीकडे कललेला. या लगामासारखा. अल्लाउद्दीन, तू दोरा पाहिलास, हात पाहिला नाहीस. बुरशी पुसताना मावशींनी हात पाहिला. चाचा, तुमची बोटं इकडे द्या. शेवटचा टाका कुठे आहे ते सांगा."

राजमहंमदची बोटं ठिगळाच्या काठाने सरकत गेली. शेवटाशी थांबली. एक, दोन, तीन भोकं मागे आली आणि लोकरीत शिरली.

"गाठ आत हाय," तो म्हणाला.  "या अल्ला, गाठ आत हाय."

"डावखुरे पुष्कळ असतात," रतनबाई हळूच म्हणाल्या.

"असतात. पण या घरची गाठ जाणणारा डावखुरा एकच. आणि चिठ्ठीवर साल आहे त्रेचाळीस. ताजुद्दीन मेल्याची तार आली बेचाळीसच्या मार्चात. मेलेल्या माणसानं त्यानंतर एका वर्षानं बनलेल्या जाकिटाला ठिगळ लावलं नसणार. तो या वर्षी रंगूनच्या तुरुंगात जिवंत होता, तुमच्या मनोहरच्या शेजारी."

उम्मेहानी पुढे आली. "गुरवारी रातच्याला वळखलं मी. पन कुनाला सांगू? दोनदा सांगितलं, दोनदा खोटं निगालं. शपथ घातलेली. आन ह्यो सकाळी उसवनार. एकदा उसवलं की माजा ताजू पुन्यांदा मेला आसता. बाईंस्नी मी दुकवलं, त्ये मला कळतंय. पन येवडंच सुदरलं बगा, त्ये ठिगळ वाचवायचं."

अल्लाउद्दीन भिंतीवरून घसरत खाली बसला. "मी उसवनार व्हतो," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मग त्याने डोळे पुसले. "दादा हाय. निकाहचं सांगावं कुनीतरी मौलवीसायबास्नी. न्हाई व्हनार म्हनावं." पडद्याआड रशिदा मोठ्याने रडू लागली आणि त्या रडण्यात दुःख नव्हतं, हे मारुतीलासुद्धा समजलं.

रतनबाई मांडीवरच्या जाकिटाकडे पाहत होत्या. 

"पुण्याला त्या अधिकाऱ्यांकडे आजच जायला हवं," त्या शेवटी म्हणाल्या. "मारुती, स्टेशनवर सोड मला. आणि राजमहंमदभाई, बुरशी काढा, तेल लावा, काय वाटेल ते करा. पण या ठिगळाला सुई लागता कामा नये."

पुण्याच्या अधिकाऱ्यांना 'ताज' चांगलाच आठवत होता. तुरुंग सुटला तेव्हा तो तापात बेशुद्ध होता. त्याला उचलून चितगावच्या इस्पितळात नेलं होतं. तार गेली. ईदच्या आदल्या दिवशी उत्तर आलं. मेल्याची नोंद झालेल्या माणसाला जिवंत ठरवायला लष्करी कागदांना आणखी एक महिना लागला. त्याने घरी लिहिलेली दोन पत्रं तो आल्यावर सहा दिवसांनी पोचली.

ताजुद्दीन ऑक्टोबरात उतरला. मारुतीच्याच टांग्याने घरी आला, अर्धा राहिलेला, काठी टेकत. दोन दिवस आईने त्याला नजरेआड होऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, कुसगावच्या रस्त्याला जायचंय. अंबाजीही बरोबर गेले.

रतनबाई व्हरांड्यात होत्या. जाकीट आतल्या खोलीत रुंद टांगणीवर होतं, मऊ आणि काळसर, बुरशीचा मागमूस नसलेलं. बगलेतलं ठिगळ जसंच्या तसं. ताजुद्दीनने त्यावर अंगठा ठेवला.

"सायेब म्हनले, नीट शीव रे. आईनं फाटकं बगितलं तर वरडंल." त्याने ठिगळाच्या काठावरून बोट फिरवलं. "मार्चात ताप चढला तवा ह्येच जाकीट म्या त्यांच्या डोक्याखाली दिलतं. शेवटच्या राती मी उशाशीच व्हतो, आई. एकटं न्हवतं ते."

रतनबाईंनी सात महिने हा एकच प्रश्न कुणाला विचारला नव्हता. विचारायला कुणी नव्हतं. त्यांनी खुर्ची त्याच्यासमोर ओढली.

"बस बाबा," त्या म्हणाल्या. "तो तिथे आला त्या दिवसापासून सांग. काही गाळू नकोस."

ताजुद्दीन सांगू लागला. अंबाजींनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मारुतीने कुणीही न सांगता घोडा टांग्यातून सोडला होता आणि त्याच्यापुढे गवत टाकत होता.